मेयोपासून होपटाउनपर्यंत: अंदमानचे पाच दिवस

नागपुरात कोणी पडलं-धडपडलं की पहिला प्रश्न एकच असतो, "मेयोत नेलं का मेडिकलला?" सरकारी पाटीवर मेयो दवाखान्याचं नाव बदलून इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं त्याला कितीतरी वर्षं झाली, पण ते नाव ऑटोवाल्याला सांगून बघा, तो तुमच्याकडेच बघत राहील. माझा जन्म मेयोतला. तरी मेयो हे कोण्या माणसाचं नाव असेल, हे पन्नाशी येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ते आलं खामगावात. बँकेच्या नोकरीत तिथे तीन वर्षं काढली. रविवारी वेळ जाता जात नसे, म्हणून जुनं काहीबाही वाचायचो. त्यात सापडलं की जलंब ते खामगाव हा चिमुकला रेल्वेफाटा मार्च १८७० मध्ये उघडायला खुद्द व्हाइसरॉय आला होता. कशाला? तर कापसासाठी. त्याचं नाव लॉर्ड मेयो. आणि दोनच वर्षांनी अंदमानात एका कैद्याने त्याला भोसकून मारलं. हिंदुस्थानावर इतके व्हाइसरॉय येऊन गेले, पण पदावर असताना खून झालेला हा एकटाच.

निवृत्त झाल्यावर हिने अंदमानचा विषय काढला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तारखा मात्र मी निवडल्या, ५ ते ९ फेब्रुवारी. का, ते तिला विमानात बसल्यावर सांगितलं.

पहिला दिवस, ५ फेब्रुवारी

नागपूर ते कोलकाता, कोलकात्याला तीन तास बाकड्यावर, मग पोर्ट ब्लेअर. आता शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण तिथल्या बसवाल्यांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच ऐकलं. मेयोचंच गणित आहे हे. सोबत भाचा होता, कॉलेजचं शेवटचं वर्ष. मोबाइलवर फोटो काढणं आणि मामीच्या डब्यातला चिवडा संपवणं ही त्याची दोन कामं.

विमानात त्याला मेयोची कुंडली ऐकवली. नाव रिचर्ड बर्क, जन्म डब्लिनचा, २१ फेब्रुवारी १८२२. घराणं आयरिश सरदारांचं, पण ब्रिटिश सत्तेच्या बाजूचं. आयर्लंडचा मुख्य सचिव तीनदा झाला. १८६८ साली ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने त्याला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय नेमलं तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली, हा कोण? जानेवारी १८६९ मध्ये कलकत्त्याला येऊन त्याने कारभार हाती घेतला. तिजोरीत खड्डा होता. त्याने आयकर वाढवला, लोकांनी शिव्या घातल्या. १८७० साली प्रांतांना ठराविक रक्कम देऊन काही खात्यांचा खर्च तुमचा तुम्ही बघा म्हणून सांगितलं. केंद्राने राज्याला किती द्यायचे हे भांडण आजही पेपरात रोज असतं, त्याची पहिली रेघ इथली. १८७१ मध्ये शेतीचं वेगळं खातं काढलं. त्याचा सचिव होता अ‍ॅलन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता तोच. देशाची पहिली शिरगणतीही याच्याच काळातली.

"म्हणजे मामा, अकाउंटंटच होता," भाचा म्हणाला.

मला जरा लागलं. पण खोटं काही नव्हतं.

दुपारी उतरलो. एका घरगुती लॉजमध्ये खोली घेतली होती. चहा घेऊन, अंग टेकून उठतो तर बाहेर तिन्हीसांजा. हिने घड्याळ कानाला लावलं. "अहो, हे बंद पडलं वाटतं." साडेपाच वाजत होते. नागपुरात या दिवसांत सहापर्यंत सूर्य असतो. इथे सूर्य गेलासुद्धा होता. अंदमान आहे कलकत्त्याच्याही पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे सगळा दिवस पाऊण तास अलीकडे सरकलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, चौथ्या दिवशी कामाला येईल.

दुसरा दिवस, ६ फेब्रुवारी

सेल्युलर जेल. त्याबद्दल मी लिहावं असं काही उरलेलं नाही, मराठी माणूस अंदमानला जातो तोच मुळी त्यासाठी. सातांपैकी तीन पाखं उभी आहेत. सावरकरांच्या कोठडीपुढे पुण्याची, साताऱ्याची, नाशिकची माणसं रांगेत उभी. एक आजोबा चपला काढून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. रांगेतलं कोणी काही बोललं नाही.

तिथे उभा असताना एक जाणवलं. सावरकर इथे आले ते नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या खुनाच्या खटल्यातून. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरे. हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही येतं. त्याआधीचा पुण्याचा रँड, गणेशखिंड आणि चापेकर बंधूही येतात. एक जिल्ह्याचा कलेक्टर, एक प्लेगचा अधिकारी. आणि अख्ख्या देशाचा व्हाइसरॉय ज्या बेटांवर मेला, तिथे येऊन आपण त्याचं नावही न घेता परत जातो. माझी तक्रार नाही. मारणारा आपला असला की मेलेल्याचंही नाव लक्षात राहतं, एवढंच.

गाइडला विचारलं. तो हसून म्हणाला, "वो तो जेल बनने से पहले का मामला है साब." बरोबर होतं त्याचं. जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६ चं. मेयो आला तेव्हा ही इमारत नव्हती, उघड्या बेटांवरच्या बराकी होत्या. १८५७ नंतर, १८५८ च्या मार्चमध्ये पहिले दोनशे कैदी इथे उतरवले, तेव्हापासूनची ती वसाहत.

दुपारी रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळलेलं चर्च, हरणं, मोर, शहाळी. साहेबांची वस्ती इथे होती. मेयो ८ फेब्रुवारी १८७२ च्या सकाळी ग्लासगो नावाच्या युद्धनौकेतून बंदरात शिरला, ब्रह्मदेशचा दौरा आटपून. बरोबर ढाका नावाची आगबोट, तिच्यावर पाहुणे मंडळी. वसाहतीचा प्रमुख जनरल डोनाल्ड स्टुअर्ट स्वागताला. हिंडायला म्हणून तो आला नव्हता. कैद्यांना कसं ठेवलंय ते त्याला डोळ्याने बघायचं होतं, स्टुअर्टला त्यानेच नवी घडी बसवायला धाडलं होतं. बंदोबस्त कडेकोट होता आणि त्या कड्याचा मेयोला कंटाळा होता, असं त्याच्या सोबत्यांनीच लिहून ठेवलंय. अंगापिंडाने दांडगा, शिकारी गडी. चार पावलं पुढे चालायची सवय.

तिसरा दिवस, ७ फेब्रुवारी

व्हायपर बेट. बोटवाला वीस मिनिटं थांबतो, वीस म्हणजे वीस. वर टेकडीवर लाल विटांचं फाशीघर आहे. खालून चढून जायला पाच-सात मिनिटं लागतात, हिच्या गुडघ्यांना दहा. ती अर्ध्यावर कठड्याला बसली. "तुम्ही जा, मला फाशी नाही बघायची."

आत बघण्यासारखं फारसं नाही. वर आडवी तुळई आणि खाली मोकळी जागा. बाहेर समुद्र इतका निळा की डोळे मिटावेत. मेयोला मारणारा शेर अली याच बेटावर ११ मार्च १८७२ रोजी फासावर गेला. सेल्युलरच्या आधी बेड्या घातलेल्या टोळ्यांचा तुरुंग याच बेटावर होता.

शेर अली खैबरकडचा आफ्रिदी पठाण. आधी इंग्रजांच्याच चाकरीत, पेशावरला कमिशनरच्या घोडेस्वारांत. घराण्याच्या वैरातून पेशावरात एकाला मारल्याचा ठपका आला आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये फाशीची शिक्षा झाली. ती उतरवून जन्मठेप काळं पाणी केली. पठाणाच्या लेखी वैर फेडणं हा गुन्हाच नव्हे. जन्मभर दूर धाडण्यापेक्षा मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं, आणि तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं की एखाद्या मोठ्या साहेबाला मारायचं. इथे तो वागला मात्र नीट. इतका नीट, की त्याला 'टिकट' मिळालं, म्हणजे बेड्या सुटल्या आणि पोटापाण्याचं काम करायची मोकळीक मिळाली. पोर्ट ब्लेअरच्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या होपटाउनला तो न्हावी झाला. कैद्यांची दाढी-हजामत करायचा.

उतरताना भाच्याने विचारलं, "वस्तऱ्याने मारलं का मग?"

नाही. स्वयंपाकाच्या सुरीने.

पकडल्यावर शेर अलीला विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून? तो म्हणाला, खुदाने हुकूम दिला. साथीदार कोण? माझा साथीदार खुदा. सरकारला यावर विश्वास बसेना. जेमतेम साडेचार महिन्यांपूर्वी कलकत्त्याला हंगामी सरन्यायाधीश नॉर्मन कोर्टाच्या पायऱ्यांवर असाच भोसकला गेला होता. वहाबी या मुस्लिम पंथाच्या लोकांचा कट असेल म्हणून खूप खणलं, हाती काही लागलं नाही. मला विचाराल तर हाती लागण्यासारखं काही नसावंच. पाच वर्षं मनात एकच गोष्ट घोळवणाऱ्या माणसाला कट कशाला लागतो?

भोंगा वाजला. आमची वीस मिनिटं संपली होती.

चौथा दिवस, ८ फेब्रुवारी

यासाठी आलो होतो.

सकाळी चॅथमच्या धक्क्यावरून बंबूफ्लॅटची फेरी. माणसं, स्कूटरी, भाजीच्या पाट्या, एक जीप, सगळं एकाच बोटीत. पंधरा मिनिटांत पलीकडे. तिथून गाडी ठरवली. ड्रायव्हरला माउंट हॅरियट म्हटलं. २०२१ पासून त्याचं नाव माउंट मणिपूर आहे. १८९१ च्या लढाईनंतर मणिपूरच्या राजाला आणि त्याच्या माणसांना इथे आणून ठेवलं होतं, त्यांच्या आठवणीसाठी. आधीचं नाव हॅरियट टायटलर या बाईचं. तिचा नवरा १८६० च्या दशकात इथला प्रमुख होता.

डोंगर साडेतीनशे मीटरांहून थोडा जास्त, पण समुद्रातून सरळ वर उठलेला, म्हणून उंच वाटतो. वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे आभाळ झाकणारं जंगल. वर गेल्यावर एका जागी सगळेच पाकिटं काढतात. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागे जे माडांचं चित्र होतं ना, ते इथून दिसणारं आहे. भाच्याने माझ्या पाकिटातली शेवटची जुनी नोट घेऊन फोटो काढला, आणि नोट परत दिली नाही.

आता त्या दिवसाचं. मेयोने सकाळपासून रॉस बघितलं, व्हायपर बघितलं, चॅथम बघितलं. जिथे अट्टल कैदी तिथे पहारा दाट. काम ठरल्यापेक्षा लवकर संपलं, साधारण तासभर उजेड शिल्लक होता. सोबतचे दमले होते. मेयो म्हणाला, चला, हॅरियटवर जाऊ. तिथे आजाऱ्यांसाठी आरोग्यधाम करता येईल का ते त्याला बघायचं होतं, आणि सूर्यास्तही. होपटाउनच्या धक्क्यावर उतरले. तिथे टिकटवाले, नीट वागणारे कैदी, म्हणजे धोका कमी असाच सगळ्यांचा समज. एकच तट्टू मिळालं, त्यावर मेयो थोडा बसला, थोडा चालला, आणि वर पोहोचला. वर तो बराच वेळ पश्चिमेकडे बघत बसला, किती सुंदर, किती सुंदर, असं म्हणत.

आणि खाली, दिवसभर त्याच्यापर्यंत कसं पोहोचावं या विचारात असलेल्या न्हाव्याच्या दारात तो स्वतःहून चालत आला होता.

मला सूर्यास्त वरून बघायचा होता. जमलं नाही. वनखात्याचा माणूस दुपारीच मागे लागला, "चार बजे से पहले नीचे." हुज्जत घालून उपयोग नव्हता. उतरून होपटाउनला आलो. ड्रायव्हरला धक्का विचारला, त्याने हाताने किनाऱ्याचा एक पट्टा दाखवला. घरं, माड, दोरीवर वाळत घातलेले कपडे, बांधलेल्या होड्या. २००४ च्या सुनामीच्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीनच जवळपास मीटरभर खचली, कुठे शेतात समुद्र शिरला तो गेलाच नाही. नेमका दगड शोधायचा नाद मी सोडला आणि तिथेच एका आडव्या पडलेल्या माडावर बसलो.

सव्वापाचला उजेड पिवळा झाला. साडेपाचला सूर्य नव्हता. सहाला समोरच्या चॅथमचे दिवे लागले आणि माझ्या पायाशी असलेला खेकडा मला दिसेनासा झाला. पावणेसात वाजता शेजारी बसलेला भाचा म्हणजे एक आवाज. तेव्हा आजची घड्याळं नव्हती, सूर्याची वेळ होती, म्हणजे मेयोवर हल्ला झाला तेव्हाचे त्यांचे सात ते आपले सव्वासहा-साडेसहा. कागदावर हे गणित मी नागपुरातच केलं होतं. पण अंधार केवढा, ते तिथे बसल्यावर कळलं.

त्या अंधारात ते डोंगर उतरून आले. धक्क्यावर मशाली. बोट उभी. स्टुअर्ट उद्याच्या कामाचं काही सांगायला जरा बाजूला वळला. मेयो नेहमीसारखा झपाझप पुढे झाला, पायऱ्या उतरून बोटीत बसायला. मागच्या लोकांना काहीतरी धावत आल्याचा आवाज झाला. मशालीच्या उजेडात एक हात आणि सुरी दिसली. शेर अली व्हाइसरॉयच्या पाठीवर वाघासारखा चिकटला होता. दोन वार, दोन्ही खांद्यांच्या मध्ये. झटापटीत मशाली विझल्या. मेयो धक्क्यावरून खाली गुडघाभर पाण्यात गेला, उठला, तोंडावरचं पाणी पुसलं आणि आपल्या खासगी सचिवाला म्हणाला, "बर्न, मला मारलं त्यांनी." मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ठीक आहे, फारसं लागलं नसावं." धक्क्याच्या कडेला एक साधी गावठी गाडी होती, तिच्यावर त्याला बसवलं, पाय खाली लोंबत. कोटाची पाठ काळी झाली होती. कोणी रुमाल दाबत होतं. "माझं डोकं जरा वर उचला," एवढं म्हणाला, आणि मागे कोसळला. पन्नाशीला तेरा दिवस कमी.

ग्लासगोवर लेडी मेयो जेवणासाठी थांबली होती. बंदरातल्या बोटी दिव्यांनी उजळल्या होत्या.

हे मी तिथे बसून सांगत होतो. ही इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "तिला वर कोणी जाऊन सांगितलं?" मला उत्तर आलं नाही. मी इतकं वाचलं, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

भाच्याने अंधाराचे सात-आठ फोटो काढले. एकातही काही आलं नाही. शेवटची फेरी चुकेल म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला तेव्हा उठलो.

हा माणूस मला आवडला का? अर्धा. कापूस मँचेस्टरला लवकर पोहोचावा म्हणून खामगावला रेल्वे आणणारा होता तो, आपल्या शेतकऱ्याच्या मायेने नाही आला. पण आकडे नीट मांडा, खातं वेगळं करा, माणसं मोजा, तुरुंग स्वतः जाऊन बघा, ही कारकुनी चिकाटी मला ओळखीची वाटते. चाळीस वर्षं खातेवह्या तपासल्यात मी. आणि शेर अली? त्याचा बेड्यांतला फोटो आहे, तो पाहून मला राग येत नाही. पण त्याचा जयजयकार करावासाही वाटत नाही. त्याला देश नव्हता सोडवायचा, स्वतःचा हिशेब चुकता करायचा होता.

पाचवा दिवस, ९ फेब्रुवारी

सकाळी चॅथमची लाकूड गिरणी. १८८३ ची, अजून चालू, पडौकच्या लालभडक फळ्या, कानठळ्या बसवणारा आवाज. जपानी बॉम्बचा खड्डाही दाखवतात. अर्ध्या तासात आटपलं, विमान गाठायचं होतं.

लॉजचे मालक बिल करता करता कुठे कुठे गेलात विचारत होते. ते तिथलेच, तिथे त्यांना 'लोकल बॉर्न' म्हणतात, कैद्यांच्या पोटी जन्मलेल्यांची पिढी. होपटाउन म्हटल्यावर मान वर झाली. "वहां कौन जाता है!" मग मेयोची सगळी गोष्ट मी पुन्हा सांगितली, नागपूरच्या दवाखान्यासकट. ऐकून म्हणाले, "मेरे परनाना भी कैदी थे. किस जुर्म में, घर में किसी ने पूछा नहीं."

बिलावर शिक्का मारला, सुटे पैसे मोजून दिले, आणि विचारलं, "वो आपका मेयो अस्पताल, अच्छा है?"

मी म्हटलं, गर्दी फार असते.